काट्यावर शिक्का, गल्ल्याला मोकळीक

दुकानातल्या इलेक्ट्रॉनिक वजनकाट्याची दरवर्षी सरकारी पडताळणी होते. वैधमापन निरीक्षक प्रमाणित वजने ठेवून काटा तपासतो, त्यावर मुद्रा उठवतो आणि प्रमाणपत्र देतो. ते प्रमाणपत्र दर्शनी भागात लावण्याचे बंधनही दुकानदारावर आहे. काटा मारणारा, पासंग ठेवणारा, तराजूची दांडी बोटाने हलकेच दाबणारा दुकानदार आपल्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या परिचयाचा. त्याच्या बोटाला आवर घालण्यासाठी समाजाने ही व्यवस्था उभी केली. ती निर्दोष आहे असे कोणी म्हणणार नाही. परंतु किलोभर डाळ किलोभरच भरली पाहिजे आणि ती तशी भरते की नाही हे पाहण्याचा अधिकार समाजाला आहे, हे तत्त्व तरी तिने प्रस्थापित केले.

त्याच काट्याशेजारी आता दुसरे एक यंत्र येऊन बसले आहे. बारकोडवर तांबडा प्रकाश पडतो, टिक् असा आवाज होतो आणि पडद्यावर आकडा उमटतो. त्या किलोभर डाळीचे किती पैसे मोजायचे, हे ते यंत्र सांगते. वजन पडताळले जाते, भाव मात्र पडताळला जात नाही. काट्यातल्या पाच ग्रॅमसाठी निरीक्षक, मुद्रा आणि प्रमाणपत्र; बिलातल्या पाच टक्क्यांसाठी काहीच नाही! ही विसंगती आपल्या राज्यकर्त्यांना खुपत नाही याचे नवल नाही. ती आपल्यालाही खुपू नये, याचे नवल वाटते.

यावर कोणी म्हणेल की, छापील कमाल किमतीचा कायदा आहे ना? आहे. १९९० साली आवेष्टित वस्तूंच्या नियमांत दुरुस्ती झाली आणि सर्व करांसहित कमाल किरकोळ किंमत, म्हणजे आपली एमआरपी, पाकिटावर छापणे सक्तीचे झाले. त्यापूर्वी 'स्थानिक कर वेगळे' या तीन शब्दांच्या आडोशाने कोणते कर आणि किती, हे गिऱ्हाइकाला कळण्याची सोय नव्हती. त्या दृष्टीने हा मोठा सुधार होता. परंतु एमआरपी ही कमाल मर्यादा आहे. औषधांसारखे काही अपवाद सोडले तर ती किती असावी हे कायदा सांगत नाही. उत्पादक छापेल ती. आणि आजचा सारा बाजार या मर्यादेच्या आत चालतो. 'छापील किमतीवर वीस टक्के सूट', 'दोनवर एक मोफत', 'सभासदांना विशेष दर', 'बुधवारी भाजी स्वस्त' या सर्व घोषणांचे कारखाने एमआरपीच्या छपराखाली आहेत. सुट्या धान्याला तर ते छप्परही नाही.

या घोषणा यंत्राला ज्या भाषेत सांगाव्या लागतात, तिला संगणकवाले 'प्राइसिंग रूल' म्हणतात. आपण मूल्यनियम म्हणू. विषय तांत्रिक वाटतो म्हणून सुशिक्षित माणसेही त्यापासून चार हात दूर राहतात. वस्तुत: कलाशाखेच्या पदवीधरालाही तो अर्ध्या तासात समजतो, हे मी खात्रीने सांगू शकतो. नियमाला पाच गोष्टी सांगायच्या असतात. तो कशाला लागू : एका वस्तूला, वस्तूंच्या गटाला, की एखाद्या कंपनीच्या सगळ्या मालाला? कोणाला लागू : सर्वांना, सभासदांना, की घाऊक गिऱ्हाइकांना? किती नगांपासून किती नगांपर्यंत? कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत? आणि मग काय : ठरावीक भाव, शेकडा सूट, ठोक रकमेची सूट, की एखादी वस्तू फुकट? एवढे भरले की नियम तयार. पुढचा हजारो गिऱ्हाइकांचा हिशेब यंत्र न थकता करते.

खरी गोम पुढे आहे. एकाच वस्तूला दोन किंवा तीन नियम लागू पडू लागले तर? समजा, तूरडाळीचा भाव किलोला १८० रुपये आहे. दिवाळीनिमित्त सर्व डाळींवर १० टक्के सूट, पाच किलो किंवा अधिक घेतल्यास ५ टक्के, आणि सभासद कार्डावर ३ टक्के, असे तीन फलक दुकानात झळकत आहेत. एक गृहिणी कार्ड घेऊन येते आणि पाच किलो डाळ घेते. सुटीविना किंमत ९०० रुपये. तिन्ही सुटी एकापाठोपाठ एक दिल्या तर बिल ७४६ रुपये ४२ पैसे. केवळ दिवाळीची सूट दिली तर ८१० रुपये. आणि सभासदांचा नियम सर्वांत वरच्या प्राधान्याचा ठरवून बाकीचे गप्प बसवले तर ८७३ रुपये. एकच डाळ, एकच गृहिणी, एकच दिवस आणि बिले तीन! सव्वाशे रुपयांहून अधिकचा हा फरक कोणी ठरवला? तर नियम भरताना प्राधान्याच्या रकान्यात ज्याने एखादा आकडा टाकला त्याने. तो आकडा फलकावर नसतो, बिलावर नसतो. असते ती तळाशी ठळक अक्षरांत छापलेली 'आपली बचत', आणि तीसुद्धा पुष्कळ ठिकाणी उत्पादकाने मनाला येईल तशी छापलेल्या एमआरपीपासून मोजलेली. कार्डवाल्या गृहिणीला कार्ड नसलेल्या शेजारणीपेक्षा जास्त पैसे पडले आणि तरीही ती बचतीचा आकडा वाचून समाधानाने घरी गेली, असा चमत्कार या रकान्यात घडू शकतो.

यात प्रत्येक वेळी कोणाची लबाडी असते असे माझे म्हणणे नाही. बहुतेक वेळा निष्काळजीपणा असतो. नियमाची शेवटची तारीख भरायची राहते आणि दिवाळीची सूट संक्रांतीपर्यंत चालू राहते. किंवा यंत्रातली मुदत संपते, पण फळीवरची चिठ्ठी कोणी काढत नाही. या दोन चुका दिसायला सारख्या, परिणामांत मात्र जमीन-अस्मानाचा फरक. पहिल्या चुकीत नुकसान दुकानदाराचे होते आणि हिशेबाच्या रात्री ते त्याला डाचते, म्हणून ती चूक सुधारते. दुसऱ्या चुकीत नुकसान गिऱ्हाइकाचे होते, दहा-वीस रुपयांचे, शेकडो जणांत वाटले गेलेले. ते कोणालाच डाचत नाही, म्हणून ती राहते. पासंगाचे तत्त्व तरी दुसरे काय होते? पारडे नेहमी एकाच बाजूला झुकते ठेवणे. इथे कोणी बोट न लावता ते झुकते, इतकेच.

२२ सप्टेंबर २०२५ या दिवशी या यंत्राची देशव्यापी परीक्षा झाली. त्या दिवसापासून वस्तू व सेवा कराचे दर बदलले. साबण, शाम्पू, टूथपेस्ट, केसांचे तेल यांवरचा कर १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. सामान्य कुटुंबाला दिलासा देणारा हा निर्णय स्वागतार्हच होता. आता तो गल्ल्यावर कसा उतरतो ते पाहा. एखाद्या वस्तूची मूळ किंमत १०० रुपये आणि कर १८, म्हणजे विक्रीची किंमत ११८. कर ५ टक्के झाला की ती १०५ व्हायला हवी. परंतु बहुतेक किरकोळ दुकानांत यंत्राला भाव सांगितलेला असतो तो करासहित. आता दुकानदाराने किंवा त्याच्या सॉफ्टवेअरवाल्याने फक्त कराचा दर बदलला आणि भावाला हात लावला नाही, तर यंत्र निमूटपणे ११८ रुपयेच घेते आणि त्याची फोड बदलते : मूळ किंमत ११२ रुपये ३८ पैसे, कर ५ रुपये ६२ पैसे. बिलावर कराचा दर अचूक पाच टक्के. पाकिटावरची छापील किंमत ११८, म्हणजे एमआरपीचाही भंग नाही. सरकारने सोडलेला कर गिऱ्हाइकापर्यंत न पोहोचता वाटेतच मूळ किमतीत विरघळला आणि त्याचा पुरावा म्हणून एक निर्दोष बिल हाती आले! सगळ्यांनी असे केले असे म्हणणे अन्यायाचे होईल. अनेक दुकानांनी त्या रात्री जागून भाव बदलले. पण ज्यांनी बदलले नाहीत त्यांना विचारणार कोण? करकपातीचा लाभ गिळणाऱ्यांविरुद्ध २०१७ साली जे नफेखोरीविरोधी प्राधिकरण नेमले, त्याचे काम २०२२ च्या अखेरीस स्पर्धा आयोगाकडे गेले, आणि १ एप्रिल २०२५ पासून तर नव्या तक्रारी घेण्याची ती तरतूदच थांबली. कपात झाली ती त्यानंतर सहा महिन्यांनी. घरात चोर शिरायच्या आधी राखणदाराला रजा देण्याचा हा प्रकार.

याच संदर्भात बारकोडविषयीचा एक गैरसमज दूर केला पाहिजे. त्या काळ्या-पांढऱ्या रेघांत किंमत असते अशी अनेकांची समजूत आहे. नसते. भारतात नोंदवलेल्या कंपन्यांच्या मालावरचा क्रमांक साधारणत: ८९० ने सुरू होतो आणि तो वस्तूची ओळख सांगतो, भाव सांगत नाही. जुन्या छापील किमतीचे आणि नव्या छापील किमतीचे पाकीट शेजारी ठेवा, दोहोंवर तोच बारकोड असू शकतो. मग कोणता भाव लावायचा हे पाकीट पाहून माणसानेच निवडावे लागते. यंत्रात एकच भाव भरलेला असेल तर जुन्या, स्वस्त पाकिटाला नवा, महाग भाव लागतो, आणि हा मात्र सरळसरळ कायदेभंग आहे. घरी गेल्यावर पाकिटावरची किंमत आणि बिलावरची किंमत शेजारी धरून पाहणारी किती कुटुंबे आपल्यात आहेत?

मूल्यनियमाचा आणखी एक प्रकार म्हणजे न मागता बिलात शिरणारी ओळ. हॉटेलांच्या बिलांत 'सेवा शुल्क' ही ओळ यंत्राकडून आपोआप छापली जात असे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी तिला मनाई केली. हॉटेलवाल्यांच्या संघटना न्यायालयात गेल्या. दिल्ली उच्च न्यायालयाने २८ मार्च २०२५ रोजी प्राधिकरणाची बाजू उचलून धरली. त्यापूर्वी २०१९ साली चंडीगडच्या ग्राहक मंचाने पादत्राणांच्या एका नामांकित कंपनीला कागदी पिशवीचे तीन रुपये लावल्याबद्दल भरपाई द्यायला लावली होती. तीन रुपयांसाठी मंचाची पायरी चढणाऱ्या त्या ग्राहकाला कोणी चिकट म्हणेल. मी त्याला नागरिक म्हणेन. मुद्दा रुपयांचा नव्हताच. मी न मागितलेली वस्तू माझ्या बिलात घालण्याचा अधिकार यंत्राला कोणी दिला, हा होता.

आणि त्या यंत्रामागे उभ्या असलेल्या मुलाचे काय? मोठ्या साखळी दुकानातल्या गल्ल्यावर उभे राहून त्याला एकदा सांगून पाहा की, फळीवर ९० लिहिले आहे आणि तू १०४ लावलेस. तो ओशाळतो. 'सिस्टिममध्ये तसंच आहे, काका,' एवढेच त्याला म्हणता येते. तो खोटे बोलत नसतो. भाव बदलण्याची मुभा त्याच्या खात्याला दिलेलीच नसते. ती देण्या-न देण्याची एक चौकट सॉफ्टवेअरमध्ये असते आणि ती मुख्यालयात बसून टिकमार्क करून ठरवली जाते. चोरी होऊ नये म्हणून ही खबरदारी, हे मान्य. पण मग चूक दुरुस्त करणारा दुसरा कोणी दुकानात हजर हवा. रांग खोळंबते, मागचे लोक चुळबुळ करतात, व्यवस्थापक 'राउंडवर' असतो आणि चौदा रुपयांसाठी कोण वाद घालणार म्हणून आपण पैसे देऊन मोकळे होतो. जुन्या पेढीवरचा दिवाणजी कितीही खडूस असला तरी चूक दाखवली तर खोडून दुरुस्त करण्याचा अधिकार त्याच्या लेखणीत होता. आपण सोय मिळवली आणि तो अधिकार गमावला.

साखळी दुकानांवर तोंडसुख घेणे सोपे आहे. आपल्या गल्लीतल्या, आपल्या परिचयाच्या दुकानदारांचे काय? सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी एका चांगल्या चालणाऱ्या किराणा दुकानात मी विचारले, 'हे सुटीचे नियम यंत्रात कोण घालतं?' 'सॉफ्टवेअरवाल्याचा पोरगा येतो वर्षातून एकदा, तो घालून देतो.' 'त्याने काय घातलं ते तुम्हाला दिसतं का?' मालक हसले. चाळीस वर्षे ज्या माणसाने तोंडी हिशेबात पैशाची चूक होऊ दिली नाही, त्याच्या गल्ल्याचा कायदा आता परगावचा एक बावीस वर्षांचा मुलगा लिहितो आणि तोही इंग्रजी रकान्यांत! ऑनलाइन कंपन्या आम्हाला गिळत आहेत, अशी हाकाटी आपले दुकानदार करतात आणि ती बऱ्याच अंशी खरीही आहे. पण त्या कंपन्यांचे मुख्य शस्त्र हे मूल्यनियमच आहे. ते परक्याच्या हाती सोपवून लढाई कशी जिंकणार?

साधने नाहीत ही सबब चालणार नाही. बेंगळुरूच्या गोएंका पितापुत्रांनी १९८६ साली सुरू केलेल्या टॅलीत गिऱ्हाइकांच्या वर्गांनुसार भावपातळ्या ठरवण्याची सोय आहे. मुंबईत जन्मलेले इआरपीनेक्स्ट तर मुक्त परवान्याचे आहे. त्याचा सगळा आज्ञासंच कोणालाही वाचता येतो. त्यात मूल्यनियमाला १ ते २० असा प्राधान्यक्रम देता येतो, मोठ्या आकड्याचा नियम वरचढ ठरतो, आणि बिलातल्या वस्तूच्या नोंदीपाशी कोणता नियम लागला हेही जपले जाते. म्हणजे कोणत्या नियमाने हा भाव आला, हे यंत्राला ठाऊक असते. ते बिलावर छापायला कागदाची एक ओळ लागते. ती ओळ छापली जात नाही, कारण ती कोणी मागितलेली नाही.

यात परदेशी अनुकरण आम्ही सुचवत नाही, पण मुक्त बाजाराचे माहेरघर जी अमेरिका, तिथे काय चालते ते आपल्या मुक्त बाजारवाद्यांना माहीत असावे. तिथले वजनमाप निरीक्षक दुकानात जाऊन फळीवरचा भाव आणि यंत्रातला भाव जुळतो का, हे नमुना काढून तपासतात. त्यासाठी तिथल्या राष्ट्रीय मानक संस्थेची छापील कार्यपद्धती आहे आणि शंभरातल्या किमान ९८ वस्तूंचा भाव जुळला पाहिजे, हा निकष आहे. मिशिगन राज्यात यंत्राने जास्त भाव लावला तर फरकाच्या दसपट, ठरावीक मर्यादेत, गिऱ्हाइकाला मागता येते. आपल्याकडे २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा दुकानाने प्रदर्शित केलेल्या भावापेक्षा जास्त वसुली हा तक्रारीचा विषय मानतो. तरतूद चांगली आहे. पण तक्रार करायची ती गिऱ्हाइकाने, एकट्याने, चौदा रुपयांसाठी! काट्याच्या बाबतीत आपण असे म्हणालो नव्हतो. तिथे आपण निरीक्षक नेमला.

तेव्हा मागणी साधी आहे. वैधमापन निरीक्षक काटा तपासायला जातो तेव्हाच त्याने फळीवरच्या पन्नास चिठ्ठ्या उचलाव्यात आणि त्या वस्तू गल्ल्यावर लावून पाहाव्यात. किती जुळल्या तो आकडा काट्याच्या प्रमाणपत्राशेजारी लावावा. बिलावर सुटीच्या रकमेसोबत नियमाचे नाव आणि त्याची मुदत छापणे सक्तीचे करावे. दोन सवलती एकत्र मिळतील की एकच, हे फलकावर फलकाच्याच आकाराच्या अक्षरांत लिहावे. यासाठी नवे खाते नको, नवा कर नको. आवेष्टित वस्तूंच्या नियमांत चार कलमांची भर पुरे. २०२२ पासून पाकिटावर प्रतिग्रॅम वा प्रतिमिलिलीटर किंमत छापणे सुरू झाले, तेही अशाच एका दुरुस्तीने. मोठे पाकीट स्वस्तच पडते हा भ्रम त्या बारीक आकड्याने कित्येकांचा दूर केला असेल.

सरकार हे आपणहून करील अशी आशा कोणी बाळगू नये. बिंदुमाधव जोशींनी १९७४ साली पुण्यात ग्राहक पंचायतीचे काम उभे केले, तेव्हा ग्राहक संरक्षणाचा कायदा यायला बारा वर्षे अवकाश होता. मुंबईत शेजारपाजारच्या कुटुंबांनी संघ करून, महिन्याची यादी एकत्र करून, माल थेट आणून आपसांत वाटून घेतला; भाव कसा लागला हे त्यातल्या प्रत्येक गृहिणीला माहीत असे. आज ती दृष्टी गल्ल्यावरच्या यंत्राकडे वळवली पाहिजे. एका नगरात दहा कार्यकर्त्यांनी एका रविवारी दहा दुकानांत प्रत्येकी वीस वस्तूंच्या चिठ्ठ्या आणि बिले जुळवून पाहिली तर दोनशे नोंदींचा असा कागद तयार होईल, जो जिल्हा पुरवठा अधिकाऱ्याला आणि वैधमापन खात्याला केराच्या टोपलीत टाकता येणार नाही. फरक सापडला तर बिल जपून ठेवावे. १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक मदतवाहिनीचा क्रमांक त्यासाठीच आहे. मोबाइल क्रमांक दिल्याशिवाय सूट नाही असे कोणी म्हणाले तर क्रमांक देण्याची सक्ती करू नये असे केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने मे २०२३ मध्येच दुकानदारांना बजावले आहे, हे त्याला शांतपणे सांगावे.

व्यापारी मंडळींचा एक आक्षेप मला आधीच ऐकू येतो : भाव कसा ठरवतो हे आमचे व्यापारी गुपित आहे. माल कोणाकडून घेतला, किती उधारीवर घेतला, केवढ्याला पडला, हे गुपित असू शकते. ते कोणी मागत नाही. ओळखीच्या गिऱ्हाइकाला चार पैसे कमी लावणे, अडलेल्याला पदरमोड करून देणे हेही दुकानदाराच्या मर्जीचे आणि माणुसकीचे. परंतु विक्रीचा भाव आणि त्यावरची जाहीर सूट हा दुकानाने गिऱ्हाइकाला दिलेला शब्द आहे, आणि तो कोणत्या अटींवर दिला हे ऐकणाऱ्यालाच सांगायचे नाही, याला गुपित म्हणत नाहीत. रेशन दुकानदाराला साठ्याचा आणि भावाचा फलक दाराशी लावावा लागतो. तो खडूने लिहिलेला असतो, पावसाळ्यात पुसट होतो, पण असतो. वातानुकूलित दालनांच्या काचेच्या भिंतींवर तेवढ्या फलकाला जागा नाही, असे निदान कोणी म्हणू नये.